नव्या चाळीला माळा नाही

आपल्या जुन्या खोलीतल्या सर्व मंडळींनो, हे मोठ्याने वाचा. आज दुपारपासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

महाडच्या पेठेतली जुनी घरे पाडून तिथे चाळ आणि सभेची जागा होणार आहे. आमच्या ओव्हरसियर साहेबांनी आखलेला तिचा नकाशा मी कचेरीत तीन दिवस बसून स्वच्छ उतरवला. आज साहेबांनी तो पेठेत दाखवला. लोक खूश झाले, संमतीच्या कागदावर अंगठे उमटू लागले.

तेवढ्यात मडकी विकणाऱ्या काशीमावशीने मला विचारले, "माळा कुठं हाय रे?"

"माळा नाही, मावशी."

"मग सावित्री नदीच्या पुराचं पाणी घरात शिरलं का तांदूळ नि पोरं तुझ्या कागदावर ठेवू?"

सगळे हसले, साहेबही हसले. माळा नसल्याचे नकाशा उतरवतानाच मला दिसले होते, पण विचारायला धजलो नाही.

मावशीने अंगठा दिला नाही.

उद्या नकाशा मंजुरीला जाणार. तुमचे उत्तर येईपर्यंत उशीर होईल, म्हणून सकाळी मीच साहेबांना गाठून माळ्याचे बोलणार आहे. नोकरीची भीती वाटते. तुमच्यापैकी कोणी साहेबासमोर असे उभे राहिले आहे का? पहिले वाक्य काय बोललात?