क्लीनरूममधलं कुंकू

आई गेली आणि सुतक फिटायच्या आतच मला कामावर बोलावलं. नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या कारखान्यात चिप्सना केसापेक्षा बारीक तारा जोडून त्या पॅक करतात. त्यातल्या किती बाद झाल्या आणि का, हे शोधायचं काम माझं. यील्ड इंजिनिअर म्हणतात. उत्पादन थांबत नसतं, असं साहेब फोनवर म्हणाले. सुतकाची आठवण त्यांना खंडेनवमीला झाली.

"तू बाहेरच थांब गा, मशीनची पूजा आहे."

मुंडणामुळे माझ्या डोक्यावर एकही केस नव्हता. जिथे धुळीचा कण चालत नाही अशा त्या खोलीसाठी माझ्याइतका लायक माणूस त्या दिवशी कारखान्यात नव्हता. मी काचेबाहेर उभा राहिलो. आत साहेबांनी हातमोजा काढला, तार जोडणाऱ्या मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक रेखलं, वर अक्षता टाकल्या. उदबत्ती तेवढी पेटवली नाही. धुराची घंटा वाजते, एवढी अक्कल होती.

दसऱ्यानंतर त्या मशीनवरच्या चिप्स धडाधड बाद होऊ लागल्या. तार धरेना. मायक्रोस्कोपखाली मला लाल कण दिसले. साहेबांनाही दाखवले.

"ऑपरेटर पोरीची लिपस्टिक असंन," ते जराही न अडखळता म्हणाले. "तसं लिहून टाक. काढून टाकू तिले."

ती पोरगी कामठीहून यायची, नोकरी नवीनच होती. ती तिथेच उभी होती.

"सर, मी तर टिकलीबी गेटवरच काढून ठेवतो. कुंकू तुम्हीच लावलं ना?"

"तोंड सांभाळ वं!"

तिची शिफ्ट नसतानाच्या चिप्स मी तपासल्या. त्यांच्यावरही तेच कण होते. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"देवाचं काम रिपोर्टमंधी आणतं का? घरी आत्ताच मौत झाली तुह्या. थोडं भेऊन राह्य."

आईच्या मरणाचा असा उपयोग होईल, हे मला सुचलं नसतं. या माणसाला मी इतकी वर्षं उगाच मोठा समजत होतो. मी जागेवर जाऊन लिहिलं: कुंकू, मशीनवर, व्यवस्थापकांच्या हाताने. सही करून त्यांच्या वरच्यांकडे पाठवलं.

साहेबांना कुणी काही विचारलं नाही. असल्यांना विचारत नाहीत. मशीन पुसून घेतलं, झालं. पण सोमवारी ती पोरगी शिफ्टला आली. मला पाहून थांबली.

"आई कशानं गेल्या, सर?" तिनं विचारलं.

त्या कारखान्यात तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं.