चोपणेआबांचं अंगण

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि एखाद्या माणसाबद्दल लिहायचे तर सुरुवात कुठून करतात हे मला अजून नीट कळलेले नाही. त्यात ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ते आबा चांगले हयात आहेत. हे कोणी वाचून दाखवले तर म्हणतील, "लिवायला दुसरा कोन नाय गावला?" तरीही लिहितो, कारण काल आईचा फोन आला.

आबांचे पाय कधी स्वस्थ बसले नाहीत. समोर भुसभुशीत माती दिसली की त्यांची टाच आपोआप ती दाबू लागे. रेशनच्या रांगेत, लग्नाच्या मांडवाबाहेर, कुणाशी बोलता बोलता. त्यांचे आयुष्य मिठागरात गेले होते. तिथला तळ पायांनी तुडवून आणि चोपण्याने ठोकून इतका घट्ट करावा लागतो की खारे पाणी खाली मुरणार नाही. चोपणे म्हणजे दांडा लावलेली जाड लाकडी फळी. मिठागर बंद पडले आणि आबा पेणला आमच्या वस्तीत लेकीकडे राहायला आले, ते चोपणे खांद्यावर घेऊनच. म्हणून ते चोपणेआबा.

वस्तीच्या टोकाला, खाडीकडे उतरणारी एक जागा बागेसाठी राखीव होती. मागे एकदा थोडासा सरकारी निधी आला आणि हिरवळीसाठी लाल माती येऊन पडली. पाठोपाठ जोडून सुट्ट्या आल्या. आबांना ती मोकळी माती बघवेना. त्यांनी वस्तीतली पोरे गोळा केली, पाणी शिंपडले, पोरांना हात धरून ओळीने नाचवले आणि मागून स्वतः चोपत गेले. माळी गवत घेऊन आला तेव्हा तिथे ताटासारखे गुळगुळीत अंगण तयार होते.

माळ्याने डोक्याला हात लावला. "आबा, हितं गवत लावायचंय, मीठ नाय पिकवायचं!"

"मंग आधी बोलायचं," आबा म्हणाले. "माती पडली की ती चोपायची, मला तेवढंच ठावं."

गवत लावले, ते सुकले. निधी संपला आणि बाग राहूनच गेली. "आबा, मीठ कधी काढताय?" असे बायका येता-जाता विचारत. आबा मनापासून हसत. पण खरे सांगायचे तर त्या अंगणासारखी जागा आम्हाला दुसरीकडे मिळाली नसती. भोवरा फिरवावा तर तिथे. गौरीचे नाच तिथे. गणपतीच्या कारखान्यातले कामगार दुपारी डबा खाऊन तिथेच आडवे होत. पावसातही पोरांचे पाय चिखलाने भरत नसत.

मग मोठा निधी मंजूर झाल्याची बातमी आली. बाके, दिवे, कारंजे, पलीकडच्या खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांना धक्का न लावता त्यांच्या कडेने चालायची वाट. आणि अंगण उकरून त्या जागी हिरवळ. वस्ती खूश झाली. आबांचे मात्र जेवणात लक्ष लागेना. एका सकाळी ते माझ्याकडे आले. "सायबाकडं जायचंय. बोलीन मीच. तू निस्ता बाजूला हुबा ऱ्हा."

वाटेत शेजारच्या काकूंनी आम्हाला गाठले. "आबा, एकदा तुमच्या पायांपायी बाग गेली. आता हरकत घेतलीत आनि पैसे परत गेले तर?"

आबांनी मान खाली घातली आणि नगरपालिकेच्या कचेरीची वाट धरली.  मला वाटते, तोवर त्यांना फक्त अंगणाची काळजी होती. तिथून पुढे बागेचीही लागली.

"सायब, कारंजा लावा, दिवे लावा," ते साहेबांना म्हणाले. "पोरांच्या पायाखालचं तेवढं ठेवलंत तर बरं."

"आबा, हिरवळ मंजूर आहे. तिचे पैसे तिलाच लागणार."

 आबा म्हणाले, "बागच अडत आसंल तर ऱ्हाऊ द्या. उकरा. पन आधी एकदा येऊन बगा. येताना बूट नका घालू." साहेब हसले. येतो म्हणाले नाहीत, नाही असेही म्हणाले नाहीत.

त्याच पावसाळ्यात मला रोह्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथून जवळच वरश्याला मामाकडे राहायचे ठरले. आबा एसटी स्टँडवर आले होते. त्यांनी विचारले, "मामाकडं माती कशी हाय?"

"आबा, मामा फ्लॅटमध्ये राहतो. सगळीकडे फरशी आहे."

"मंग पाय काय करतात तिथं?"  गाडी हलली तेव्हा ते खांबाशी उभे होते आणि त्यांची टाच खाली चालू होती.

घरी जाणे पुढे जमले नाही. फोनवर विचारावे तर आई म्हणे, "काम चालू हाय, पत्रे मारलेत, आतलं दिसत नाय." काल मात्र तिने स्वतःहून फोन केला.

"बाग झाली रे!"

"आणि अंगण?"

"हाय तसंच. सायब मधी आलेले. पोरांनी त्यांच्या हातात भोवरा दिला, तो थांबंचना. मंग गवत कडंकडंनं लावलं."

"आबा काय म्हणतात?"

"रोज सांजचं त्या गवताजवळच्या बाकड्यावर बसतात. पाय वर घेऊन, मांडी घालून. खाली सोडतच नायत. मी इचारलं तर बोलले, 'गो, यंदा या गवताला जगू दे.'"