चाकामागचा दगड

इरफान गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलो होतो. त्याच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी होऊन आता तीन आठवडे झाले, आणि मी अजून चिडलेलोच आहे. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची पद्धत आहे. ज्यांना जमतं त्यांनी लिहावं. इरफान हेकट होता, घमेंडखोर होता, आणि शेवटची दोन वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो... भांडण अर्धं टाकून तो हृदयविकाराच्या झटक्यानं निघून गेला, याचाही मला राग आहे.

सांगलीत डिप्लोमाला आम्ही एका खोलीत राहायचो. मी जतचा, तो फलटणचा. पुढे मी सांगलीतच सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो, तो घरच्या वर्कशॉपमध्ये उसाच्या गाड्या बांधू लागला. आम्हाला जोडून ठेवलं ते एका कॉम्प्युटर गेमनं. राक्षसांचे किल्ले, उडणारे साप, जादूगार, असला लढाईचा खेळ. त्यात आपल्या पदरची नवी फौज घालता येते, त्याला मॉड म्हणतात. आम्ही किल्ल्याला वेढा घालायची यंत्रं करायला घेतली. रचना त्याची, आकडेमोड आणि कोड माझा. त्याचा चाकांचा लाकडी बुरूज देखणा होता, हे कबूल करावंच लागेल. तो तटाला भिडवायचा आणि आतून सैनिक वर चढवायचे. पण त्याच्यासोबत इरफाननं एक गडी जन्माला घातला. त्याचं काम एकच, चढावर बुरूज थांबला की चाकामागं दगड लावायचा. हा गडी मेला की बुरूज घरंगळत मागं येणार आणि आपलीच फौज चिरडणार. खेळणाऱ्यांनी आम्हाला शिव्यांची लाखोली वाहिली.

"आरं, हितं साप उडत्यात, आन् तुला दगड लावणारा गडी पायजे?" मी फोनवर ओरडलो.

"साप उडू द्यात की. भरल्याली गाडी चढावर मागं येणार म्हंजे येणार. तू कवा गाडी ढकललीयास का?"

"लोक कट्टाळल्यात, इरफान."

"मग त्यांनी सपाटीवर लढावं."

मी त्याला न विचारता तो गडी काढून टाकला आणि मॉड प्रसिद्ध केला. लोकांनी डोक्यावर घेतला. चूक माझी होती? असेल. पण यानं काय करावं? आठवड्याभरात स्वतःची वेगळी आवृत्ती काढली. त्यात तो गडी परत आलेला, नाव 'दगड्या', आणि तोंड हुबेहूब माझं... तोच चष्मा, आणि सुपाएवढे कान. ऑफिसात मला अजून कुणी कुणी दगड्या म्हणतं. त्याच दिवशी मी इरफानचा नंबर ब्लॉक केला.

चाळिसाव्याला गेलो तो केवळ त्याच्या बायकोसाठी, रुकसाना भाभींसाठी. जेवणं झाल्यावर त्यांनी त्याचा लॅपटॉप माझ्या हातात ठेवला. "तुमचं आन् त्यांचं, दोन्ही एक करून शेवटचं एकदा काढायचं म्हनत हुते. तुमच्याबिगर कुनाला जमायचं न्हाई, भाऊ." मी मान हलवली आणि मनात ठरवून टाकलं, काढीन, पण पहिल्यांदा दगड्याला उडवीन.

चार्जर आणायला मी वर्कशॉपमध्ये गेलो. तिथली जमीन दाराकडे उतरती आहे, गाड्या बाहेर काढणं सोपं जावं म्हणून. मधोमध खेळातला तोच बुरूज उभा होता, त्यानं सागवानात केलेला, कमरेएवढा. चाकामागं दगड. मी रागाच्या भरात दगडाला लाथ मारली. तो दारापर्यंत गडगडत गेला, आणि बुरूज निघाला. मी खाली बसून चाकाला दोन्ही हात लावले... आणि तसाच बसून राहिलो. हात काढले तर तो जाणार, आणि दगड काही हाताला येईना.

भाभी दारात आल्या. "आवं, दगड कुटं गेला?"

मला रडू येत होतं, आणि तेही इरफानमुळे, म्हणून आणखीच चीड येत होती. त्यांनी दगड उचलून आणला आणि चाकामागं लावला.

बुरूज त्यांनी माझ्याबरोबर पाठवला. सांगलीतल्या माझ्या खोलीची फरशी अगदी सपाट आहे, तरी चाकामागं तो दगड आहे. शेवटची आवृत्तीही तयार झाली. त्यात दगड्या आहे. त्याचे कान मी लहान केले होते... काल परत होते तेवढे करून ठेवले.