सिएनात माझ्या नावावर चाललेली पावलं

आमच्या टेक्ससमधल्या शुगर लँडमध्ये चालायला जायचं असलं की आधी गाडी काढावी लागते. घरातून पायी निघून जावं असं ठिकाणच नाही. फुटपाथ आहे, पण तो मधेच संपतो, जणू बांधणाऱ्याला कुणाचा तरी फोन आला. आणि मे ते सप्टेंबर बाहेर अशी दमट भट्टी असते की माणूस चालत नाही, शिजतो. म्हणून आम्ही तिघी सकाळी तीन गाड्या काढून मॉलमध्ये जातो, दाराजवळची जागा मिळावी म्हणून पार्किंगमध्ये चार चकरा मारतो आणि मग आत जाऊन व्यायाम म्हणून चालतो. हसायचं तर खुशाल हसा. मी तर पत्रपेटीतली पत्रंसुद्धा तीस वर्षं गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून घेतली आहेत.

तिघींतली एक पुण्याची. वीस वर्षं इथल्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवलं, त्यामुळे अजूनही कुणाशीही बोलताना तिचं एक बोट हवेत असतं. दुसरी नागपूरची. हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेली, बारीक, काटक आणि सुसाट. आम्ही चपलेचा पट्टा लावेपर्यंत ती मॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचलेली असते. तिसरी मी, मूळची कराडची, वय एकाहत्तर. बसून बोलायला सांगा, दोघींना हरवीन.

इटलीची टूम पुण्याच्या बाईंची. "तीन महिने आपण रोज चालतोय. आता एखाद्या जुन्या शहरात जाऊन पायी फिरायला हरकत नाही," ती म्हणाली. मॉलच्या गुळगुळीत फरशीवर, एसीत, दर शंभर पावलांवर बाकडं असताना केलेली ती तयारी. एव्हरेस्टची तयारी कुणी जिना चढून करावी तशी. तिनं सिएना हे गाव निवडलं, कारण आतल्या भागात गाड्यांना बंदी आहे. ज्या बायका दूध आणायला चार मैल गाडी चालवतात, त्यांनी मुद्दाम आठ दिवस असल्या गावात घर भाड्यानं घेतलं. नंतर तिनं रोजचा कार्यक्रम छापून प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केला. त्यात "सूर्यास्त पाहणे, वीस मिनिटे" असंही होतं.

आता माझं खरं कारण सांगते. मी काही सूर्यास्त बघायला गेले नव्हते.

फेब्रुवारीत मी गॅरेजच्या पायरीवरून घसरले. फार काही नाही, पण शेजारणीनं माझ्या मुलीला कळवलं. मुलगी, जावई अल्फारेटाला असतात, अटलांटाच्या बाहेर. हे गेल्यापासून मी चार बेडरूमच्या घरात एकटी आहे, ते तिला खुपतंच. तिनं लगेच आपल्या घराचं तळघर माझ्यासाठी करून घेतलं. वेगळं बाथरूम, छोटा ओटा, सगळं चकाचक. ती त्याला हॉटेलातल्यासारखं 'स्वीट' म्हणते. खिडकी आहे, पण ती जमिनीच्या पातळीला, त्यामुळे तिच्यातून गवताची मुळं दिसतात. माणसाला मेल्यावर मिळायचा देखावा मला आगाऊ बुक करून ठेवला होता.

मी नको नको म्हणत राहिले. शेवटी तिनं सौदा केला. मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं, ज्यातली पावलं तिच्या फोनवर दिसतात. "आई, इटलीत रोज टेन थाउजंड स्टेप्स कर. केलेस तर मी एक वर्ष मूव्ह व्हायचा विषय काढणार नाही. प्रॉमिस."

मी लगेच हो म्हटलं. गुडघ्याला विचारलं नाही.

गुडघा त्या पडण्यापासूनच बिनसला होता. इथल्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलंही होतं, की बदलावा लागेल. ते मी कुणाला कळू दिलं नाही. आमच्या इथल्या ओळखीतली एक जण अशीच गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांसाठी म्हणून मुलाकडे गेली आणि तिसऱ्या महिन्यात तिच्या घरापुढे "विकणे आहे"ची पाटी लागली. तिचे पितळेचे डबे गॅरेज सेलमध्ये मीच विकत घेतले. तेव्हा म्हटलं, आपला गुडघा आपल्यापाशी.

सिएनाला बसमधून उतरलो आणि पहिल्याच गल्लीत कळलं की हे गाव सपाट नाही. कुठेच नाही. तीन टेकड्यांवर बसलेलं, आणि जिथं जायचं ते नेहमी चौथ्या टेकडीवर असल्यासारखं. दगडी फरसबंदी, त्यावरून आमच्या बॅगांची चाकं अशी खडखडत होती की लोक खिडक्या उघडून बघायला लागले. गल्ल्यांत गोगलगाय, हंस, कासव असे त्या त्या आळीचे प्राणी भिंतींवर लावलेले. गोगलगायीच्या आळीत मला घरच्यासारखं वाटलं. नागपूरची दोन बॅगा उचलून पुढे, पुण्याची नकाशा उलटा धरून मध्ये, आणि मी मागून भिंतींचं कौतुक करत, म्हणजे भिंत धरून.

पहिल्या दिवशी कशीबशी दहा हजारांवर पावलं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला तर गुडघा नारळाएवढा. मी गुपचूप बर्फ मागायला गेले आणि दोघींनी पाहिलं. सगळं सांगावं लागलं, तळघरासकट.

नागपूरचीनं ऐकून घेतलं, मग हात पुढे केला. "दे ते घड्याळ."

"काय करतेस?"

"मी चालते तं तुझी पावलं होतात. त्या घड्याळाला काय माहीत पाय कुणाचे?"

"अगं, ही फसवणूक आहे," मी म्हटलं.

"मग नको देऊ. जा तळघरात."

मी घड्याळ काढून दिलं. पुण्याची म्हणाली, "तत्त्वतः मला हे पटत नाही." आणि लॅमिनेट केलेल्या कार्यक्रमावर पेनानं नागपूरचीसाठी जास्तीची दोन चर्च टाकली.

पुढचे चार दिवस माझ्या नावावर कुणी कराडची सिएनात चालली नसेल इतकं चालणं झालं. सोळा हजार, एकोणीस हजार. मुलीचे निरोप येऊ लागले. "वॉव आई." "सो प्राउड." एकदा तर "तुझा रेस्टिंग हार्ट रेट माझ्यापेक्षा चांगला आहे." मी नागपूरचीला वाचून दाखवलं. "लिही तिला," ती म्हणाली, "संत्री खात जा म्हणून."

मी तेवढा वेळ मोठ्या चौकात बसायची. हा चौक शिंपल्यासारखा पसरट आणि मधे उतरता आहे, विटांचा. लोक सरळ जमिनीवर बसतात, पण मी बसले असते तर उठवायला क्रेन लागली असती, म्हणून कडेच्या हॉटेलात खुर्ची धरायची. तिथं माझ्याहून म्हाताऱ्या बाया रोज दिसायच्या. इस्त्रीचे कपडे, हातात भाजीची पिशवी, दर वळणावर थांबून कुणाशी तरी दहा मिनिटं भांडणार, मग पुढे. चढ संपायच्या आत त्यांना चार ओळखीचे भेटायचे. आमच्याकडे चार ओळखीचे जमवायचे तर तीन आठवडे आधी मेसेज पाठवून कुणी काय करून आणायचं, अशी पॉटलकची यादी करावी लागते. मनात म्हटलं, माझ्या मुलीला ह्या दाखवाव्यात. मग म्हटलं, नको, ती विचारेल, ह्यांचे स्टेप्स किती.

एकदा दोघींनी मला हात धरून एका चर्चमध्ये नेलं. तिथं त्या गावच्या एका संत बाईंचं डोकं काचेच्या पेटीत जपून ठेवलंय, आणि देह म्हणे रोमला. पुण्याची त्यामागचा इतिहास सांगत होती. मी पाहत उभी राहिले. डोकं एका गावी, धड दुसऱ्या गावी, आणि दोन्हीकडचे लोक म्हणतात बाई आमची. अमेरिकेत येऊन राहिलेल्या कुठल्याही आईला ओळख पटावी अशी गोष्ट.

सहाव्या दिवशी दोघी चौकातल्या उंच बुरुजावर चढायला निघाल्या. चारशे पायऱ्या. माझ्यासमोर कॉफी आणि बदामाचा केक. पुण्याचीनं जाताना माझा फोटो काढला, आणि तो फेसबुकवर टाकायला लागली.

"अगं, माझी मुलगी आहे तुझ्या यादीत," मी म्हटलं. "तुझी विद्यार्थिनी ना ती."

"मग मराठीत लिहिते. त्यांच्यातल्या एकाला तरी वाचता येतं का?" वीस वर्षं शिकवलेल्या बाईनं हे म्हणावं. पण मलाही पटलं. मुलीला सहा वर्षं दर रविवारी ओढत त्या शाळेत नेली होती. घरी मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मराठी म्हणजे आमची गुप्त लिपी. पोरांदेखत त्यांच्या वाढदिवसाची भेट ठरवायची ती ह्याच भाषेत. शिवाय फोटोत माझे केस बरे आले होते.

तिनं लिहिलं ते असं: "मैत्रिणीचा गुडघा संपावर गेल्यामुळे बाईसाहेब केक खात विश्रांती घेत आहेत. त्यांची पावलं आम्ही बुरुजावर चढवत आहोत."

त्या गेल्या. मी केकचा दुसरा तुकडा तोडला आणि फोन वाजला.

"आई, कुठे आहेस?"

"कुठे म्हणजे? चालतेय. चढ आहे जरा." दम लागल्याचा आवाजही काढला मी. एकाहत्तराव्या वर्षी.

"संपावर म्हणजे ऑन स्ट्राइक, राइट?"

मी काटा बशीत ठेवला.

"आय कॅन रीड, आई. स्लोली, पण येतं. घड्याळ कुणाकडे आहे?"

"नागपूरच्या मावशीकडे. वर आहे ती."

"सो तो हार्ट रेट..."

"तिचा."

मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवलं," ती म्हणाली. "माय मॉम इज सेव्हंटी वन, बघा म्हणून."

मग जे सात महिने बोलायचं टाळलं होतं तेच तोंडातून आलं. "मला तळघरात राहायचं नाही."

"इट्स नॉट अ तळघर. इट्स अ स्वीट."

"खिडकीतून गवताची मुळं दिसतात."

"यू नेव्हर सेड."

"तू विचारलंस कधी? तू मला भिंतीचा रंग विचारलास."

मग तिनं विचारलं, गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले. मी सांगितलं. सगळं सांगितलं, त्या मैत्रिणीच्या घरापुढची पाटीसुद्धा. ती म्हणाली, "यू थॉट मी तुझं घर विकेन?" मी म्हटलं, "हो." खोटं बोलून दमले होते मी.

दोघी खाली आल्या. नागपूरचीच्या एका हाताला तिचं घड्याळ, दुसऱ्याला माझं, चेहरा लालबुंद. मी सांगितलं, पकडले गेलो, पोरीनं वाचलं. नागपूरची म्हणाली, "मंग मी चारशे पायऱ्या काऊन चढली?" आणि खुर्चीत धपकन बसून माझा उरलेला केक संपवला.

पुण्याची मात्र उभीच. "सगळं वाचलं तिनं? विश्रांतीसुद्धा? त्यात श्र आहे." मी हो म्हटलं. माझं घर जायची वेळ आलेली, आणि ह्या बाईच्या डोळ्यांत आनंदानं पाणी. सहा वर्षांच्या शिकवणीचा पहिला उपयोग माझ्याविरुद्ध झाला, त्याबद्दल मी तिचं अभिनंदन केलं.

उरलेले दोन दिवस घड्याळ माझ्या हातावर होतं. पहिल्या दिवशी दोन हजार आठशे, दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. मुलीचं "वॉव" आलं नाही. संध्याकाळी एवढंच आलं: "बर्फ लावलास?"

जानेवारीत ऑपरेशन झालं, इथंच, टेक्ससमध्ये. अल्फारेटाला गेले नाही. ती लॅपटॉप घेऊन सहा आठवडे माझ्याकडे आली. जिंकले म्हणायचं तर म्हणा. त्या सहा आठवड्यांत तिनं माझी फोडणीची भांडी हलवली, मिसळणाच्या डब्याला इंग्रजी चिठ्ठ्या लावल्या आणि माझी तीन ब्लँकेटं दान केली. आम्ही रोज भांडलो. तळघरात आता जावयानं टेबल टेनिसचं टेबल टाकलंय, असं तिनं सहज सांगितलं. मी पण सहज ऐकलं.

निघायच्या दिवशी म्हणाली, "घराचा विषय मी नाही काढणार आता. एक वर्ष नाही, कधीच नाही. यू ब्रिंग इट अप, व्हेन यू वाँट."

ऐकायला किती छान. पण पोरगी वकिलाच्या वरताण आहे. इतके दिवस विषय ती काढायची आणि मी नको म्हणायची, काम सोपं होतं. आता नको कुणाला म्हणू? विषय माझ्याच घरात, माझ्याच पदरात टाकून ती विमानात बसली.

परवा कपड्यांची टोपली घेऊन जिना चढताना मधेच थांबले. नवा गुडघा चांगला आहे, जुना दुसरा कुरकुरतोय. फोन खिशातच होता. लावावा का म्हणून बाहेर काढला, तिचं नाव बघितलं. मग टोपली वरच्या पायरीवर ठेवली, स्वतः खालच्या पायरीवर बसले, आणि तिला फोन केला. म्हटलं, "दुसरा गुडघा पण दुखतोय. घराचं काही म्हणत नाहीये मी. फक्त गुडघ्याचं सांगतेय."

"ओके," ती म्हणाली. "गुडघ्याचं सांग."