भाऊच्या धक्क्यावरचा पीठचोर

भाऊच्या धक्क्यावर त्या सकाळी एकच चोरी झाली, आणि ती मी केली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि नानांना तर नाहीच. (नाना म्हणजे माझे थोरले मेहुणे, साक्रीकडचे शेतकरी. ते स्वतः काही वाचत नाहीत. पण कुणी वाचून दाखवलं तर माझं काही खरं नाही!)

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मुंबईहून गोव्याला बोट जायची. मी जळगावला सरकारी कचेरीत कारकून. प्रवासाची सवलत मंजूर झाली आणि बायकोने बोटीचा हट्ट धरला. आमच्या घरात तापीपेक्षा मोठं पाणी कुणी पाहिलेलं नव्हतं. पण मला भीती पाण्याची नव्हती, चोरांची होती. ती आमच्या हेडक्लार्कनी घातली होती.

"बोट सोपी आहे हो," ते म्हणाले. "बोटीपर्यंत सामान पोचवणं अवघड! धक्क्यावर पायातली चप्पल काढून नेतात आणि माणूस चालतच राहतो. घरी गेल्यावर कळतं."

मी आठ दिवस झोपलो नाही. नंतर तयारीला लागलो. ट्रंक, वळकटी आणि मोठी पिशवी यांना नानांच्या बैलाची साखळी घातली, वर कुलूप ठोकलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. (म्हणजे कुलूप उघडायचं तर आधी पँट सैल करावी लागणार होती. चोरालाही आणि मलाही!)

राहिली बायकोची सोन्याची पोत. आमच्याकडे मंगळसूत्राला पोत म्हणतात. ती मी तिला गळ्यातून काढायला लावली, खोटे मणी घालायला दिले आणि सांगितलं, "पोत ट्रंकेत ठेवलीय." ठेवली होती मात्र पिठाच्या डब्यात, अगदी तळाशी! परमुलखात जाताना घरचं पीठ न्यायचंच, ही आमच्याकडची रीत. ते पीठही दादरचं. (दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. तिच्या भाकरीसाठी खान्देशी माणूस मेलेला उठून बसेल.) पिठाचा डबा कोण चोरणार? म्हणून त्याला साखळीही घातली नाही. आणि हे कुणालाच सांगितलं नाही. चोर म्हणे माणसाचा चेहरा वाचतात, आणि बायकोच्या चेहऱ्यावर तर किराणा यादीसुद्धा वाचता येते.

सामान राखायला नाना सोबत आले. बोरीबंदरला उतरल्यापासून मी घामाने निथळत होतो. टॅक्सीवाल्याने आरशात पाहिलं, मी डबा पोटाशी धरला. तो शिंकला, मी दार उघडून उडीच मारणार होतो!

"पाव्हणा, इतला काय घाबरस?" नाना म्हणाले. "मानूस शेत ते. वाघ नही शेत." (आमच्या बोलीत 'शेत' म्हणजे 'आहेत'.)

धक्क्यावर माणसांचा नुसता लोंढा. एका हमालाने साखळीसकट सगळं डोक्यावर घेतलं आणि डबा काखेत मारला. मी त्याच्या इतक्या जवळून चालत होतो की दोनदा त्याची टाच तुडवली. तो फक्त वळून हसला. (चोरही हसतात, हेडक्लार्कनी सांगितलं होतं.)

हमालाने फाटकाजवळ सामान उतरवलं, आणि ते नानांवर सोपवून तिकिटं दाखवायला मी खिडकीकडे गेलो. पाच मिनिटांचं काम होतं. परत आलो तर फाटक उघडत होतं. डेकवर आधी सतरंजी टाकेल त्याची जागा, म्हणून नाना आणि बायको सतरंजी घेऊन धावत सुटले. आम्ही एस.टी.त खिडकीतून टोपी टाकून जागा धरणारे लोक. हे काम आम्हाला शिकवावं लागत नाही. जाता जाता नाना ओरडून काहीतरी सांगत होते, गलक्यात ऐकू आलं नाही.

मी सामान मोजलं. ट्रंक, वळकटी, पिशवी. डबा?

डबा नाही!

लांब पाहिलं तर हमाल चालला होता. खांद्यावर माझा डबा.

"चोर! चोर! पकडा! पीठ चोरलं!"

धक्क्यावर हसू फुटलं. एक हवालदार छडी हलवत आला आणि हमालाला धरून माझ्यापुढे घेऊन आला.

"काय आहे डब्यात?"

"पीठ."

"पिठासाठी एवढं बोंबललात?"

"पाच किलो आहे, साहेब!" मी म्हणालो. सोनं आहे म्हणून सांगावं, तर भोवती पन्नास माणसं, आणि मला त्यातले सगळेच चोर दिसत होते.

हमाल हात जोडून म्हणाला, "चोरलं नाही, साहेब. यांच्या नानांनी दिलं. मीही खान्देशातलाच, पिंपळनेरकडचा. यांची बोली ऐकली, म्हणून मजुरी घेतली नाही. तर नाना म्हणाले, मग हे पीठ तरी ने, कितीक वर्षांत दादरची भाकर खाल्ली नसशील." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, सांगा ना तुम्ही."

आणि मला लख्ख कळलं, हा खरं बोलतोय. नाना हेच करणार. नानांनी अंगावरचा सदराही दिला असता! मी नुसतं "हो, दिलं असेल" म्हणायचं होतं. पण मग डबा जाणार, पोत जाणार, आणि खरं सांगावं तर सोनं सगळ्या धक्क्याला दिसणार.

हवालदाराने विचारलं, "कोण हो हे नाना?"

मी म्हणालो, "मी नाही ओळखत कुणा नानाला."

हमालाला दोन छड्या बसल्या. पाठीवर. मी मोजल्या, त्या सकाळी मला सगळंच मोजायची सवय लागली होती.

हमालाने डबा माझ्या पायाशी ठेवला. रडला नाही, शिवीही दिली नाही. म्हणाला, "घ्या, भाऊ. झाकण घट्ट लावा. खाऱ्या हवेनं पीठ बिघडतं."

भोंगा झाला. मी डबा छातीशी धरून, साखळी खडखडत ओढत शिडी चढलो. (कैदी पळताना दिसतो, तसाच दिसत असणार.)

डेकवर नानांनी डबा पाहिला. "हाई पीठ परत कसं उनं?"

"त्यानेच परत केलं," मी म्हणालो. "म्हणाला, आम्ही आता भात खातो. नको तुमचं पीठ."

नानांचा चेहरा उतरला. रत्नागिरी येईपर्यंत ते समुद्राकडे बघत बसले. बायको एवढंच म्हणाली, "घेताना तर डोळ्यांत पाणी आलं होतं हो त्याच्या." मी झाकण घट्ट लावत होतो.

गोव्यात त्याच पिठाच्या भाकरी झाल्या. मी चार खाल्ल्या! पोत केव्हाच गुपचूप ट्रंकेत गेली होती, आणि सामान सुखरूप पोचवल्याबद्दल बायकोने माझं कौतुकही केलं.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात, पंगतीत नाना हा किस्सा सांगतात. "मुंबईनं पाणी लागनं का मानूस आपली भाकर बी इसरी जास!" सगळे हसतात. सर्वांत मोठ्याने मी हसतो. हेडक्लार्क निवृत्त होईपर्यंत मला विचारत, "काही चोरीला गेलं का हो?" मी अभिमानाने सांगायचो, "आमचं? छे! काहीही नाही."

आता नानांचं वय झालंय. तो माणूस कुठे असेल, माहीत नाही. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं. नानांना खरं सांगणं आणि त्या माणसाची माफी मागणं, हे दोन्ही माझ्याकडून अजून राहिलंय.