काकांची विहीर

घनसावंगीत एका शेठचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं नळीचा तुकडा जरी पाहायला उचलला तरी ते म्हणणार, "बराबर जागी ठेवा." आम्हा मोसंबीवाल्यांचा गप्पांचा ऑनलाइन सर्व्हरही तेच सांभाळतात. बाजारभावाचं चॅनेल वेगळं, पाण्याचं वेगळं, रोगाचं वेगळं. कोणी कुठं लिहायचं आणि कोणी नुसतं वाचायचं, हे गिऱ्हाईक करता करता ते एका अंगठ्यानं ठरवतात.

आष्टीचे एक म्हातारे काका रोज सकाळी आपल्या विहिरीचा फोटो टाकायचे, तोही भावाच्या चॅनेलात. शेठ तो फोटो मुकाट्यानं पाण्याच्या चॅनेलात हलवायचे. एके दिवशी मात्र शेठनी सगळ्यांदेखत लिहिलं, "काका, किती वेळा सांगू? जमत न्हाई तर टाकू नका."

काका त्याच दिवशी सर्व्हर सोडून गेले.

परवा एक नवं चॅनेल दिसलं, 'काकांची विहीर'. मी काही लिहायला गेलो तर लिहिता येईना. दुकानात गेल्यावर शेठना विचारलं.

"तिथं फक्त काकांनाच लिहिता येतं," ते म्हणाले.

"अहो, पण काका तर गेले सोडून. फोन करा की त्यांना."

"केल्ता. उचलत न्हाईत."

"मंग?"

"आलेच कधी, तर त्यांची जागा चुकायला नको."

बोलण्याच्या नादात मी हातातला नळीचा तुकडा भलत्याच खणात ठेवला. त्यांनी पाहिलं, पण ते काहीच बोलले नाहीत.