कडक स्प्रिंग

नौपाड्यात एका जिन्याखाली एक कारागीर रेडिओ दुरुस्त करायचा. नव्वदच्या दशकात त्याच्याकडे दुरुस्तीला प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या, बॅटरीवरच्या स्वस्त बंदुका येऊ लागल्या. मी टेपरेकॉर्डर घेऊन जायचो आणि बघत राहायचो. बंदूक कानाशी धरून तो म्हणायचा, "मोटर चांगलीय हो, गिअरचे दात गेलेत." उघडल्यावर तसंच निघायचं.

एकदा एका गृहस्थांना बंदुकीचा जोर वाढवून हवा होता. "गल्लीत कुत्री फार झालीत," ते म्हणाले. त्याने कडक स्प्रिंग बसवली आणि पहिला छर्रा स्वतःच्याच तळहातावर मारला. मग बंदूक उघडून जुनी स्प्रिंग परत घातली.

"एवढाच जोर राहू दे, साहेब."

गृहस्थ चिडून निघून गेले.

"फार लागलं का?" मी विचारलं.

"चांगलंच," तो म्हणाला आणि कडक स्प्रिंग त्याने पकडीने तोडून टाकली.